मनातली विनंती

आमच्या चर्चमध्ये बोट वर करायची एक पद्धत आहे. ती कोणी सुरू केली हे मला कळलं असतं, तर मी त्याच्या घरी जाऊन चांगलं सुनावून आले असते. पण ती माझ्या लग्नाच्या आधीपासूनची आहे आणि सुरू करणारा बहुधा केव्हाच प्रभूकडे गेला असावा. तिथं तरी त्याला कोणी जाब विचारला असेल, अशी आशा आहे.

पद्धत अशी. रविवारच्या उपासनेत प्रवचन होतं, दान गोळा होतं, मग सूचना होतात. सूचना प्रवचनापेक्षा लांब असतात आणि प्रवचनापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकल्या जातात. त्या संपल्या की पाळकसाहेब चष्मा काढतात आणि विचारतात, "प्रार्थनेच्या विनंत्या?" ज्याला काही हवं असेल तो उभा राहून सांगतो. आईचे गुडघे, मुलाची परीक्षा, तुरीत शिरणारी रानडुकरं. सगळ्यांचं सांगून झालं की पाळकसाहेब आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "आणि मनातल्या विनंत्या?" मनातली विनंती म्हणजे जी सांगायची नाही, पण जिच्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना मात्र करायची. त्यासाठी नुसतं एक बोट वर करायचं. कोणाचं बोट ते दिसू नये म्हणून बाकीच्यांनी तोवर डोळे मिटून बसायचं.

हिंगणघाटात सगळा संसार झाला, पण त्या घटकेला डोळे मिटलेला माणूस मी पाहिलेला नाही. आता तुम्ही म्हणाल, मग तुम्ही कसं पाहिलं? मी शाळेत गणित शिकवायची. परीक्षेच्या वर्गात वर्षानुवर्षं उभी राहिलेली बाई डोळे मिटत नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही.

उभं राहून सांगायच्या विनंत्यांचीही एक तऱ्हा आहे. "प्रभूच्या कृपेनं आमच्या पोराले पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरी लागली, आता तिथं नवी गाडी घेतली, तर त्या गाडीवर प्रभूचा हात राहावा." यात विनंती कोणती आणि बातमी कोणती, हे देवालाच ठाऊक. गाडी कोणती, रंग कोणता, हेही आम्हाला प्रार्थनेतच कळतं. पाळकसाहेब मग ते सगळं जसंच्या तसं देवाला पुन्हा सांगतात, जणू देव मागच्या बाकावर बसला होता आणि त्याला नीट ऐकू आलं नाही.

लहानपणी संडे स्कूलमध्ये आम्हाला प्रश्न विचारायचे. देव सगळीकडे आहे, प्रार्थना घरीही करता येते, मग चर्चला कशाला जायचं? उत्तर पाठ होतं: सगळ्यांनी मिळून देवाचा गौरव करायला आणि एकमेकांची ओझी वाहायला. हे उत्तर मी घोकून दिलं आणि बक्षीस म्हणून एक रंगीत चित्र मिळवलं. मोठेपणी मला दिसलं, की दुसऱ्याचं ओझं उचलण्याआधी प्रत्येकाला ते सोडून आत काय आहे ते बघायचं असतं. एकदा बघून झालं की उचलायची घाई राहत नाही.

बघण्याच्या कामात आमच्याकडे खजिनदारांच्या बायकोचा हात धरणारं कोणी नाही. तिला सगळे वहिनी म्हणतात, तिच्याहून मोठेसुद्धा. ती बरोबर माझ्या पुढच्या बाकावर बसते. मागं कोणाचं बोट वर गेलं, हे तिला मान न वळवता कळतं. कसं, ते मला विचारू नका. बोट कळलं की दुपारच्या जेवणापर्यंत विनंतीही कळलेली असते, कारण वहिनी अंदाज बांधते, आणि वहिनीचा अंदाज म्हणजे आमच्या मंडळीत शासन निर्णय. एकदा एका गृहस्थांनी ओळीनं काही रविवार बोट वर केलं. घरात वाटणीवरून भांडण असणार, असं वहिनीनं ठरवलं. ते फिरत फिरत त्यांच्या भावांपर्यंत गेलं, भावांना ती कल्पना बरी वाटली, आणि त्यांनी खरोखरच वाटणी मागितली. त्या बिचाऱ्यांची मूळ विनंती मूळव्याधीची होती.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी बोट वर केलं.

कापसाचा हंगाम होता. त्या दिवसांत गावात रुईचे तंतू उडत असतात; चर्चच्या खिडक्यांच्या जाळीला, बाकांना, बायकांच्या पदरांना चिकटतात. आंघोळ करताना माझ्या छातीत डाव्या बाजूला हाताला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणूनच मला भीती वाटली. माझी आई याच दुखण्यानं गेली आणि तिचीही दुखत नव्हती. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, चेहरा अगदी साधा ठेवला आणि वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. डॉक्टरचा चेहरा मुद्दाम साधा झाला की समजावं. वर्ध्याला म्हणाले, सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवू, पुढच्या आठवड्यात या.

घरात मी एकटी. मिस्टर जाऊन काही वर्षं झाली; ते कापसाच्या जिनमध्ये कारकून होते आणि फार कमी बोलायचे, त्यामुळे पहिले काही महिने ते गेलेत हे घराला नीट कळलंच नाही. मला कळलं होतं. एकुलती एक मुलगी हैदराबादला नोकरीला. नोकरी नवी, अजून पक्की व्हायची होती. तिला सांगितलं असतं तर ती सगळं टाकून धावत आली असती. मी ठरवलं, रिपोर्ट हातात आल्यावर सांगायचं. साधी गाठ निघाली तर हसत सांगायचं, नाहीतर मग बघू. तोवर कोणाला सांगायचं नाही. मंडळीत तर नाहीच, कारण मंडळीत सकाळी सांगितलेलं हैदराबादला दुपारी पोचतं.

पण एकटीनं ते घेऊन बसणं मला जमेना. मी काही फार धीराची बाई नाही. वर्गात होते, पण तिथं हातात खडू असायचा. घरी प्रार्थनेला बसले की शब्द सापडत नव्हते, नुसती आई आठवायची. वाटलं, आपल्याला येत नाही तर दुसऱ्या कोणी तरी आपल्यासाठी म्हणावं. कशासाठी ते त्यांना कळलं नाही तरी चालेल, देवाला कळेल. म्हणून त्या रविवारी पाळकसाहेबांनी आवाज खाली आणला, तेव्हा माझं बोट वर गेलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्याकडे झाकल्या मुठीतून एक बोट बाहेर आलं की तिचा भाव आणखी चढतो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, "प्रभो, ज्यांनी बोटं वर केली त्यांच्या मनातलं तू जाणतोस." तोवर पुढच्या बाकावर वहिनीनंही जाणलेलं होतं. आमेन झाल्याबरोबर तिनं वळून माझा हात दाबला. "मॅडम, काई काळजी नका करू. प्रभूच्या मनात हाय ते होऊन राहीन." मला वाटलं, डॉक्टरीणबाईंच्या कंपाउंडरनं फोडलं.

कंपाउंडर निर्दोष होता. बुधवारी मी भाजी घेऊन येत होते, तर चर्चच्या फाटकासमोरच्या कापडवाल्या शेठनी हाक मारली. त्यांचं दुकान तिथं तीन पिढ्यांचं आहे. चर्चमध्ये ते कधी आत आले नाहीत, पण आतलं सगळं त्यांना चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या पंचांच्या आधी कळतं. "मॅडम, पोरीचं जमून राह्यलं म्हणते? गोष्ट चांगली हाय. बस्ता आपल्या दुकानातूनच घ्याचा, बरं का."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विधवा बाई, तिशीला टेकलेली मुलगी, परगावी नोकरी, लग्न नाही. अशा बाईचं बोट दुसऱ्या कशासाठी वर जाणार? वहिनीनं गणित बरोबर मांडलं होतं, फक्त प्रश्न चुकीचा उतरवून घेतला होता.

मी नाही म्हणाले नाही. कारण नाही म्हणायचं तर मग काय, हे सांगावं लागलं असतं. उलट, खरं सांगते, मला जरा बरंच वाटलं. लोक भलत्याच दिशेला बघत होते, आणि मी माझी गाठ घेऊन दुसऱ्या दिशेनं गुपचूप वर्ध्याला जाणार होते.

पण आमची मंडळी नुसती बघत बसणारी नाही. शुक्रवारी महिला मंडळानं उपासप्रार्थना ठेवली, आणि ठेवली ती माझ्याच घरी. माझ्या मुलीच्या लग्नासाठी पंधरावीस बायका सकाळपासून उपाशी राहिल्या. डोक्यावर पदर घेऊन एकेकीनं प्रार्थना केली. एकीनं देवाला सांगितलं, मुलगा उंच पाहिजे. दुसरीनं सांगितलं, उंचीचं काही नाही, निर्व्यसनी पाहिजे. तिसरीनं नागपूरच्या अलीकडचा मागितला, म्हणजे मॅडमला जाणंयेणं सोपं. चौथीनं नागपूरच्या पलीकडचा मागितला, म्हणजे मॅडमचं जाणंयेणं जरा कमी. एकीनं सरकारी नोकरीसाठी एवढा जोर लावला, की तिच्या स्वतःच्या मुलाची आठवण येऊन ती रडलीच. मी प्रत्येकीला आमेन म्हटलं. मनात मात्र एकच घोकत होते, गाठ साधी निघू दे. देवाच्या कानावर त्या दिवशी माझ्या घरातून काय काय गेलं असेल, आणि त्यातून त्यानं काय निवडून घेतलं असेल, ते त्याचं त्याला माहीत.

उपास दुपारी सुटला. पाटवडीचा रस्सा आणि भात अशा बेतानं सुटला, आणि भांडी मी घासली.

त्यानंतर मी वर्ध्याला गेले. तुकडा काढायला फार वेळ लागला नाही. सुई मोठी होती, डॉक्टर तरुण होता, आणि तो सारखा "झालं, झालं आजी" म्हणत होता. दुखण्यापेक्षा ते "आजी"च मला जास्त लागलं. पट्टी बांधून, पदर नीट घेऊन मी एसटीनं परत आले. डावा हात वर करायचा नाही असं सांगितलं होतं, म्हणून सगळ्या रस्त्यात उजव्या हातानं दांडी धरून उभी होते. घरी जाऊन पडायचं, एवढंच डोळ्यांसमोर होतं.

फाटक उघडं होतं. ओसरीत माझ्याच खुर्च्या मांडलेल्या आणि त्यांवर एक अनोळखी जोडपं. आतून वहिनी माझ्याच कपबशा घेऊन बाहेर आली. किल्ली मी शेजारी ठेवते, हे साऱ्या मंडळीला ठाऊक आहे. तेही कधीतरी प्रार्थनेतच सांगितलं गेलं असेल.

"या या, मॅडम! कुठं गेलत्या? हे अल्लीपूरचे पाहुणे. पोट्ट्याचे मायबाप."

पट्टीखाली ठणकत होतं. मी हसले, आमच्या चर्चच्या रीतीनं सलाम केला, खुर्चीच्या कडेला टेकले. मुलाची आई घराच्या भिंती बघत होती, बाप माझ्याकडे. मुलगा काय करतो, हे विचारायला हवं होतं, म्हणून मी विचारलं.

"नागपुरात लॅबमध्ये हाय," बाप अभिमानानं म्हणाला. "लोकाईच्या गाठी येते ना, त्याचे तुकडे तपासते. एका नजरेत सांगून देते, कोणती साधी अन् कोणती वाईट."

कपातला अर्धा चहा माझ्या बशीत आला आणि उरलेला साडीवर. वहिनीनं चटकन कप धरला आणि पाहुण्यांना म्हणाली, "खुशीनं हात कापून राह्यला मॅडमचा. एकुलती एक हाय ना."

तेवढ्यात फोन वाजला. हैदराबाद. मी उठेपर्यंत वहिनीनं उचलला, आणि मुलीचा चेहरा दिसताच फोन सरळ पाहुण्यांकडे फिरवला. "पाह्य वं बाई, कोण आलं तुह्या घरी! सलाम कर." मुलीनं सलाम केला. ती चांगल्या वळणाची आहे. पण तिच्या कपाळावर जी शीर उभी राहिली ती मी फोनच्या एवढ्याशा काचेतूनही पाहिली. पाहुण्यांनी निघताना प्रार्थना केली. बापानं ती केली आणि ती लांब होती. मी पहिल्यांदाच एका माणसाबद्दल देवाला स्पष्ट सांगितलं, की याला आता थांबव.

सगळे गेल्यावर मुलीचा पुन्हा फोन आला. तोवर मंडळीतून तिला सगळं कळलं होतं. "आई, तू चर्चमध्ये माझ्या लग्नासाठी उपास ठेवलेस? मला न विचारता?"

मला खोटं रचता आलं असतं. पण पट्टी ओली लागत होती, चहानं भिजलेली साडी अंगाला चिकटत होती, आणि मला रडू आलं. मी सांगितलं. गाठ, तिच्या आजीचं दुखणं, वर्धा, सुई, सगळं.

"म्हणजे तू चर्चला सांगितलंस, आणि मला नाही," ती म्हणाली.

"चर्चलाही नाही सांगितलं. नुसतं बोट वर केलं."

"म्हणजे देवाला बरोबर कळलं, वहिनींना चुकीचं कळलं, आणि मला काहीच नाही."

ती त्याच दिवशी गाडीत बसली आणि सकाळी हायवेवर उतरून घरी आली. आल्याबरोबर माझ्या गळ्यात पडली. मग माझ्या स्वयंपाकघरात वहिनीनं जागा बदलून ठेवलेले डबे परत जागेवर लावले. त्यात तिचा थोडा राग निघून गेला.

रविवारी ती माझ्याबरोबर चर्चला आली. वाटेत म्हणाली, "आई, आज बोट नाही. उभी राहा आणि सांग." मी म्हटलं, अगं, पुरुषमाणसं असतात. लहानपणी तिचे पाढे चुकल्यावर मी तिच्याकडे जशी बघायची, तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

विनंत्यांची वेळ आली. मी उभी राहिले. आवाज वर्गातलाच निघाला. "माझ्या छातीत गाठ आहे. तिचा तुकडा तपासायला दिला आहे. माझी आई याच्यातच गेली. मला फार भीती वाटते, त्यासाठी प्रार्थना करा. आणि माझ्या मुलीच्या लग्नाबद्दल माझी देवाकडे सध्या काहीही मागणी नाही."

खजिनदार वर पंख्याकडे बघू लागले. दोन पंचांनी एकाच वेळी गीतांचं पुस्तक उघडलं. वहिनीचा कान मागून लाल झालेला मला दिसला, आणि मला त्याचा आनंद झाला, हे लपवत नाही. पाळकसाहेबांवर तर संकटच कोसळलं. गेली कित्येक वर्षं ते गुडघे, डोळे, किडन्या यांची नावं देवापुढं खणखणीत घेत आले होते. त्या दिवशी ते म्हणाले, "प्रभो, आमच्या भगिनीच्या... प्रकृतीच्या... त्या भागाला तू स्पर्श कर." आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं असावं की हेही बरोबर झालं नाही, म्हणून त्यांनी घाईनं आमेन म्हटलं. जे घडवताना देवाला संकोच वाटला नाही, त्याचं नाव त्याच्यापुढं घेताना आम्ही घाम पुसत होतो.

मग ओझी वाहणं सुरू झालं. त्या आठवड्यात माझ्या घरी एवढी केळी आली, की शेवटी मी ती शेजारच्या गाईला घातली. जो येई तो कोणाच्या तरी गाठीची गोष्ट सांगे, आणि ती गोष्ट सांगताना शेवट कसा झाला हे आठवून मध्येच थांबे. कोणी तेल आणलं, कोणी काढा, कोणी मोबाइलवर कुठल्याशा उपदेशकाचा व्हिडिओ लावून तो फोन माझ्या छातीशी धरायला सांगितला. मुलीनं त्या बाईंना फार गोड बोलून दारापर्यंत पोचवलं. मी त्रासले होते, पण घर भरलेलं होतं, आणि मला एकटं वाटत नव्हतं, तेवढं मात्र कबूल करायला हवं.

पुढच्या रविवारी एक ज्येष्ठ काका उभे राहिले. डोळे मिटून, हात वर करून म्हणाले, "मले पहाटे प्रभूनं दाखवलं. रिपोर्ट कोरा हाय. मॅडमले काईही नाई." सगळ्या चर्चनं हालेलूया म्हटलं. बायकांनी मला मिठ्या मारल्या. बाहेर पायऱ्यांवरच पुढच्या रविवारी आभाराचं जेवण ठेवायचं ठरलं. वडाभात की पुरी-भाजी, यावर पंचांत दोन तट पडले. एवढ्या लोकांना एवढी खात्री होती, की मलाही ती लागली. मी घरी येऊन पहिल्यांदाच पोटभर जेवले.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघी गेलो. गाठ साधी नव्हती. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडली आहे, ऑपरेशन करू, मग औषधं चालतील, बरंच काही करता येतं. मुलगी सगळं नीट विचारून घेत होती. मी टेबलावरच्या काचेखाली कोणीतरी ठेवलेल्या कॅलेंडरकडे बघत बसले. वडाभात, असा एकच शब्द माझ्या डोक्यात आला, आणि मला वेड्यासारखं हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही.

संध्याकाळी मी पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले. म्हणजे दिवा लागायच्या आत सगळ्यांना कळलं असणार.

आणि कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. केळी नाहीत, तेल नाही, फोनही नाही. रस्त्यात ते ज्येष्ठ काका समोरून येताना दिसले आणि मला बघून बाजूच्या बोळात वळले. जेवणाचं काय झालं, हे कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आमच्या उपासनेत विनंत्यांना जागा आहे आणि आभारांना जागा आहे. विनंती केली आणि उत्तर नाही असं आलं, तर त्या माणसानं कुठं बसायचं, हे छापलेल्या क्रमात नाही. मला भयंकर राग आला. रागाच्या खाली फार वाईट वाटत होतं. ज्यांनी माझ्या घरात येऊन माझे डबे हलवले, त्यांना आता माझ्या फाटकाची कडी वाजवता येत नव्हती.

रविवारी मुलगी म्हणाली, "नको जाऊस, आई. कशाला?" मी म्हटलं, जाणार. मी काही भक्तीनं निघाले नव्हते. त्यांनी मला बघावं, म्हणून निघाले. ऑपरेशन बुधवारी होतं. माझ्या नेहमीच्या बाकावर, वहिनीच्या बरोबर मागं, ताठ बसायचं आणि उपासना संपेपर्यंत सगळ्यांना अवघड वाटायला लावायचं, एवढाच माझा विचार होता.

गाणी झाली. ती कशीबशी म्हटली गेली. प्रवचन झालं. सूचना आखूड झाल्या, हे मात्र नवल. मग पाळकसाहेबांनी विचारलं, "आभार?" कोणी उठलं नाही. ते मी समजू शकत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "विनंत्या?"

कोणी उठलं नाही. मी वळून बघितलं. गुडघेवाल्या म्हाताऱ्या तिथंच बसल्या होत्या, आणि त्यांचे गुडघे काही एका आठवड्यात बरे झाले नव्हते. रानडुकरं रात्री तुरीत येतच होती. परीक्षा पुढच्याच आठवड्यात होत्या. पण एक माणूस उभा राहिला नाही. पाळकसाहेब आवाज खाली आणून म्हणाले, "मनातल्या विनंत्या?" एक बोट वर गेलं नाही. सगळे हात मांडीवर.

माझ्या मनात आलं, बघा, यांचा विश्वास संपला. माझं मागितलेलं मिळालं नाही, म्हणून आता स्वतःचं मागायची हिंमत नाही कोणाची. मला इतका संताप आला, की मी पुढं वाकले आणि वहिनीच्या मानेशी तोंड नेऊन म्हटलं, "काऊन वं? आज कोणालेच काई नाई पाह्यजे?"

वहिनी वळली नाही. तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं होतं, आणि तिचा आवाज मला कसाबसा ऐकू आला.

"घरी कोणतं तोंड घेऊन याव, समजत नोतं, मॅडम. म्हणून साऱ्याईनं ठरवलं. आज आपलं कोणी काईच नाई मांगाचं. आज जे मांगाचं ते तुमच्यासाठीच मांगाचं."